पाटी कोणाची, हात कोणाचे?

(बांधकाम मजुरांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुणे, नाशिक किंवा ठाणे शहराच्या वाढत्या कडेला आज एखादी मोठी कचेरी उभी राहिली, की तिच्या दर्शनी दालनात बहुधा एक चकचकीत पाटी लावलेली आढळते. ही इमारत ‘हरित’ आहे, तिला रौप्य, सुवर्ण अथवा प्लॅटिनम श्रेणी प्राप्त झाली आहे, असे ती पाटी जाहीर करते. पाटीमागे मानांकन करणारी एक संस्था असते, आणि इमारतीची कागदपत्रे त्या संस्थेपर्यंत नेणारा एक तज्ज्ञ असतो. त्या तज्ज्ञाच्या नावापुढे काही आद्याक्षरे असतात. ती आद्याक्षरे म्हणजे त्याची सनद. ही सनद कशी मिळते, ती कशी टिकवावी लागते, तिच्यात काय मोजले जाते आणि काय मोजलेच जात नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा तर वास्तुविशारदांच्या घरातला प्रश्न, त्यात चळवळीच्या कार्यकर्त्याने कशाला पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आपल्या राज्याच्या नियमावलीतच आहे. मुंबई महानगरपालिका आणि काही विशेष क्षेत्रे वगळता महाराष्ट्राला लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०२० च्या डिसेंबरात आली. या नियमावलीने हरित इमारतींना मूळ एफएसआयवर, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांकावर, जादा एफएसआय देऊ केला आहे. रौप्य किंवा त्याच्या बरोबरीच्या श्रेणीला ३ टक्के, सुवर्णाला ५ टक्के आणि प्लॅटिनमला ७ टक्के असे हे प्रमाण आहे. हिशेब करून पाहावा. ज्या भूखंडावर मूळ नियमाने १०,००० चौरस मीटर बांधकाम होऊ शकते, तेथे प्लॅटिनम श्रेणीमुळे आणखी ७०० चौरस मीटर बांधता येते. सत्तर चौरस मीटरचे एक घर धरले, तर ही दहा घरे झाली.

म्हणजे दालनातली ती पाटी शोभेची वस्तू राहिलेली नाही. ती विकता येणाऱ्या चटईक्षेत्राचा दाखला आहे. शहराचे रस्ते, पाणी आणि मैलावाहिन्या ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि त्यांच्यावर पडणाऱ्या या जादा भाराच्या मोबदल्यात समाजाला कमी वीज आणि कमी पाणी वापरणारी इमारत मिळावी, असा हा करार आहे. करार वाईट नाही. परंतु ज्या कराराची एक बाजू समाज आहे, त्या कराराची साक्ष कोण देतो आणि कशाच्या आधारावर देतो, हे विचारण्याचा अधिकार समाजाला असलाच पाहिजे.

सनदेची वाटचाल

या व्यवस्थेचा उगम अमेरिकेतला आहे. १९९३ साली तेथे ‘यू. एस. ग्रीन बिल्डिंग कौन्सिल’ ही बिगरसरकारी परिषद स्थापन झाली. इमारतींना गुण देऊन श्रेणी ठरवण्याची तिची ‘लीड’ नावाची पद्धत १९९८ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि २००० पासून विस्ताराने वापरात आली. इमारतींना गुण द्यायचे, तर त्या गुणांची भाषा जाणणारी माणसेही हवीत. म्हणून २००१ पासून माणसांची परीक्षा सुरू झाली. परिषद इमारतीची पद्धतही बनवते आणि माणसांची परीक्षाही घेते, हे फार काळ बरे दिसणारे नव्हते. २००८ मध्ये परीक्षेचे आणि प्रमाणपत्रांचे काम पाहण्यासाठी ‘जीबीसीआय’ ही वेगळी संस्था काढण्यात आली. २००९ पासून सनदेच्या पायऱ्या पडल्या. खालची पायरी ‘ग्रीन असोसिएट’ ची. तिच्यावर ‘अ‍ॅक्रेडिटेड प्रोफेशनल’ म्हणजे मान्यताप्राप्त व्यावसायिकाची, आणि तीही नवे बांधकाम, अंतर्गत सजावट, चालू इमारतींची देखभाल, घरे, वसाहती अशा शाखांत विभागलेली.

भारतात २००१ साली उद्योगपतींच्या महासंघाच्या छत्राखाली ‘इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल’ स्थापन झाली. तिचे ठाणे हैदराबादला आहे. तेथील महासंघाच्या केंद्राच्या इमारतीला २००३ मध्ये प्लॅटिनम श्रेणी मिळाली. अमेरिकेबाहेर ही श्रेणी मिळवणारी ती पहिली इमारत ठरली. २००४ च्या जुलैत राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पुढे या भारतीय परिषदेने स्वतःच्या मानांकन पद्धती आणि स्वतःची व्यावसायिक परीक्षा आणली. दुसऱ्या बाजूने ‘टेरी’ ही संशोधन संस्था आणि केंद्राचे अपारंपरिक ऊर्जेचे मंत्रालय यांनी मिळून ‘ग्रिहा’ ही देशी पद्धत उभी केली. २००७ मध्ये तिला राष्ट्रीय मानांकन पद्धतीचा दर्जा देण्यात आला. आपल्या हवामानाचा, वातानुकूलनाशिवाय चालणाऱ्या इमारतींचा विचार तिच्यात आहे, ही तिची जमेची बाजू.

सनद मिळते कशी, टिकते कशी

‘लीड’ चीच परीक्षा नमुन्यादाखल पाहू, कारण बाकीच्यांनी कमीअधिक फरकाने तिचाच कित्ता गिरवला आहे. शंभर प्रश्न, दोन तास. प्रत्येक प्रश्नाखाली पर्याय दिलेले. त्यांतून बरोबर पर्याय निवडायचा. गुणांकन १२५ ते २०० या पट्टीवर होते आणि १७० ला उत्तीर्ण. जागेची निवड, पाण्याची काटकसर, ऊर्जा, बांधकाम साहित्य, आतली हवा व उजेड असे विषय. विषय महत्त्वाचे आहेत याबद्दल वाद नाही. वरच्या पायरीसाठी प्रत्यक्ष प्रकल्पाचा अनुभव असावा, अशी शिफारस आहे. सक्ती नाही. अर्थात कोणत्याही बांधकामाच्या जागेवर पाय न ठेवता, पुस्तके आणि नमुना प्रश्नसंच पाठ करून, मान्यताप्राप्त व्यावसायिक होता येते.

सनद मिळाली म्हणजे ती कायमची झाली असे नाही. खालच्या पायरीवरील व्यक्तीने दर दोन वर्षांत १५ तासांचे, वरच्या पायरीवरील व्यक्तीने ३० तासांचे पुढील शिक्षण नोंदवायचे. त्यांतले अनुक्रमे ३ आणि ६ तास ‘लीड’ पद्धतीशी थेट संबंधित असले पाहिजेत. शिवाय नूतनीकरणाचे शुल्क भरायचे. मुदत चुकली तर सनद जाते आणि पुन्हा परीक्षेला बसावे लागते. मात्र २००९ पूर्वीची जुनी परीक्षा उत्तीर्ण झालेले आणि नव्या शाखांत न गेलेले जे व्यावसायिक आहेत, त्यांना यातले काहीच करावे लागत नाही. त्यांची जुनी पदवी अबाधित आहे. पुढील शिक्षण जर समाजहितासाठी अनिवार्य असेल, तर ते आधी आलेल्यांना माफ का? आणि माफ करण्याजोगे असेल, तर नंतर आलेल्यांना ते सक्तीचे का? ज्ञानाचा निकष आणि वर्गणीचा निकष यांची सरमिसळ झाली, की अशी विसंगती निर्माण होते.

जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन शहरात आलेल्या तरुणाच्या दृष्टीने ही वाट पाहिली, म्हणजे तिचा चढ लक्षात येतो. परीक्षेचे शुल्क, तयारीच्या वर्गांचे शुल्क, दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचे शुल्क, आणि पुढील शिक्षणाच्या तासांसाठी पुन्हा शुल्क. परीक्षा मराठीतून होत नाही. मोठ्या सल्लागार कचेरीत असलेल्याचे शुल्क कचेरी भरते. सुट्या कामांवर जगणाऱ्याला ते स्वतःच्या खिशातून द्यावे लागते. सुट्या कामांवर जगणाराच बहुधा प्रत्यक्ष बांधकामाच्या जागेवर असतो, हे येथे विसरता कामा नये.

टवाळी करून भागणार नाही

इतके ऐकल्यावर ही सारी व्यवस्थाच थोतांड आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो मोह आवरला पाहिजे.

नागपूर-चंद्रपूरसारख्या उन्हाच्या प्रदेशात पश्चिमेकडे तोंड करून काचेच्या भिंतींची कचेरी बांधायची आणि मग ती थंड ठेवण्यासाठी दिवसभर यंत्रे चालवायची, हा अविचार हरित सनदांनी आणलेला नाही. तो त्यांच्या आधीपासूनचा आहे. सूर्य कोणत्या भिंतीवर किती वेळ राहतो, खिडकीवर छज्जा किती पुढे काढावा, काचेतून किती उष्णता आत येते, छताला कोणता थर दिला म्हणजे वरच्या मजल्यावरचे घर भट्टी होणार नाही, हे प्रश्न ज्या शास्त्राने पुढे आणले त्याची उपेक्षा श्रमिकांच्या बाजूने विचार करणाऱ्याने करू नये. वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या छताखाली श्रीमंत राहत नाही. राहिला तरी त्याच्याकडे यंत्र असते. ज्याच्याकडे नसते त्याच्यासाठी छताचा थर हीच आरोग्याची तरतूद असते.

परंपरेत सारे ज्ञान होतेच, परीक्षा कशाला हव्यात, असाही एक सूर आपल्यात ऐकू येतो. मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या माळवदाच्या घरात उन्हाळ्यात थंडावा असतो, हे खरे आहे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झाले, तेही खरे आहे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावर मातीच्या थरांचे वजनदार माळवद ही घरे भूकंपात झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. उन्हापासून राखणारे घर भूकंपात जिवावर उठले. त्यानंतरच्या पुनर्वसनात घरे बळकट करण्याचे तंत्र गवंड्यांना शिकवावे लागले. हातातले ज्ञान तपासून घ्यावे लागते, त्यात नवी भर घालावी लागते, हा किल्लारीचा धडा आहे. म्हणून परीक्षा हवी, आणि सतत शिकणेही हवे. परीक्षा कोणाची आणि शिकणे कशाचे, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

कागद आणि इमारत

पहिला आक्षेप असा, की सनद कागदाची परीक्षा घेते. इमारतीची घेत नाही. आराखड्यावरून संगणकाने काढलेला वीजवापराचा अंदाज हा श्रेणीचा एक मोठा आधार असतो. तो अंदाज प्रत्यक्षात किती उतरतो, याचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेत ‘न्यू बिल्डिंग्ज इन्स्टिट्यूट’ ने २००८ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर श्रेणी मिळालेल्या ५५२ इमारतींकडे वर्षभराच्या वापराची माहिती मागितली होती. पुरेशी माहिती मिळाली ती १२१ इमारतींकडून. सरासरी निष्कर्ष मानांकनाच्या बाजूने निघाला. परंतु निम्म्याहून अधिक इमारतींत अंदाज आणि प्रत्यक्ष वापर यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत आढळली; काही अंदाजाहून पुष्कळ चांगल्या निघाल्या, काही पुष्कळ वाईट. ज्यांनी माहिती दिली नाही त्यांचे काय, हा टीकाकारांचा प्रश्न तसाच राहिला. ज्याला आपले वीजबिल दाखवण्याची लाज वाटते तो ते आपण होऊन दाखवणार नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

आपल्या नियमावलीत कबूल केलेली श्रेणी न मिळाल्यास दंडाची तरतूद आहे, ही चांगली गोष्ट. तथापि त्या दंडाची कसोटी अंतिम भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी लागते. इमारत तेव्हा रिकामी असते. ती पुढची पन्नास वर्षे किती वीज ओढणार, किती टँकर मागवणार, हे त्या दिवशी कोणालाच दिसत नाही. वाढीव चटईक्षेत्र मात्र त्या दिवसापासून कायमचे होते.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. वास्तुविशारदाची पदवी लावण्यासाठी १९७२ च्या कायद्याने नेमलेल्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते, आणि गैरवर्तन झाल्यास त्या परिषदेपुढे तक्रार करता येते. हरित सनदेला असा कायद्याचा पाया नाही. ती एका संस्थेने आपल्या नियमांनुसार दिलेली मान्यता आहे. अशी मान्यता देण्यास कोणाचीच हरकत नसावी. परंतु तिच्या जोरावर सार्वजनिक सवलत मिळू लागली, म्हणजे तिची जबाबदारीही सार्वजनिक झाली पाहिजे.

ज्या हातांची मोजदाद नाही

तिसरा आक्षेप या अभ्यासवर्गाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. इमारत हरित होते ती आराखड्यावर नव्हे. ती होते परातीवर, थापीवर आणि ओळंब्यावर.

गच्चीचे उदाहरण घ्यावे. आराखड्यात उष्णतारोधक थर दाखवलेला असतो. त्याची फळी फळीला नीट भिडली नाही, मधे बोटभर फट राहिली आणि तिच्यावर कोबा पडला, म्हणजे ती फट इमारतीच्या आयुष्यभरासाठी गाडली गेली. तेथून उष्णता उतरत राहणार. खिडकीच्या चौकटीभोवतीची जागा घाईत कशीबशी लिंपली, की महागड्या दुहेरी काचेचा निम्मा उपयोग गेला. भिंतीला पाणी मारण्याचे दिवस कमी केले, की गिलावा तडकतो, ओल धरते, आणि दोन पावसाळ्यांत दुरुस्तीचे नवे सिमेंट, नवा रंग लागतो. बांधकामाची धूळ बाहेर जाऊ न देणे, माती वाहून जाऊ न देणे, राडारोडा निवडून वेगळा ठेवणे, हवेच्या नळ्यांची तोंडे काम चालू असताना झाकून ठेवणे, या सगळ्यांना मानांकनात स्थान आहे. ही कामे बिगारी करतो, मिस्त्री करतो, झाडणारी बाई करते. हे कशासाठी करायचे, हे त्यांना बहुधा कोणी सांगत नाही. धूळ रोखल्याची नोंद वहीत होते. ती धूळ ज्यांच्या छातीत जाते त्यांची नोंद हजेरीपटावरही धड होत नाही.

‘लीड’ च्या चौथ्या आवृत्तीत प्रकल्पाच्या चमूत एक मान्यताप्राप्त व्यावसायिक असला, तर एक गुण ठेवलेला आहे. ११० गुणांपैकी एक. ४० गुणांना पहिली श्रेणी आणि ८० ला प्लॅटिनम. त्याच यादीत प्रशिक्षित गवंड्यासाठी असा ठरीव गुण नाही. सनदी माणूस चमूत आहे म्हणून इमारत एक गुण अधिक हरित ठरते. भिंत बांधणारा आपले काम जाणतो की नाही, यावरून काहीच ठरत नाही. यात कोणा व्यक्तीचा कट शोधण्याचे कारण नाही. लिहिणाऱ्याचे ज्ञान ते ज्ञान आणि करणाऱ्याचे ज्ञान ती मजुरी, हा आपल्याकडे जातीने पोसलेला आणि तिकडे वर्गाने पोसलेला जुना भेदच येथे गुणपत्रिकेचे रूप घेऊन आला आहे.

दुसऱ्या वाटाही आहेत

याहून वेगळे करता येते काय? येते. तीन उदाहरणे पुरेत.

जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात १९९०–९१ मध्ये अत्यल्प ऊर्जेवर उबदार राहणारी चार घरांची एक ओळ बांधली गेली. तिच्या अनुभवावर वोल्फगांग फाइस्ट यांनी १९९६ मध्ये ‘पॅसिव्हहाउस’ ची संस्था स्थापन केली. तेथे इमारतीची परीक्षा इमारतीवरच होते. दारात मोठा पंखा बसवून आतली हवा दाबाखाली आणायची आणि फटींतून किती हवा निसटते ते मोजायचे. ठरावीक दाबाखाली तासाला घराच्या हवेच्या ०·६ पटीपेक्षा जास्त निसटली, तर घर अनुत्तीर्ण. ही चाचणी कागदाने उत्तीर्ण होता येत नाही. फट बुजवणाऱ्या हातालाच ती उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणूनच त्या संस्थेने आराखडा करणाऱ्याप्रमाणे कारागिरासाठीही परीक्षा आणि प्रमाणपत्र ठेवले आहे. मुदत पाच वर्षांची. आणि नूतनीकरणासाठी प्रत्यक्ष केलेल्या कामाचा पुरावा चालतो. थंड देशातली ही घरे आपल्या हवेला जशीच्या तशी उपयोगी नाहीत. तत्त्व मात्र उपयोगी आहे.

दुसरे उदाहरण केरळातले. लॉरी बेकर हे इंग्लंडात जन्मलेले वास्तुविशारद तिरुवनंतपुरमला स्थायिक झाले. विटा काठावर उभ्या करून मधे पोकळी ठेवणारी ‘रॅट ट्रॅप’ भिंत त्यांनी तेथे रुजवली. सुमारे चौथाई विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णताही अडते. ही भिंत मापात राहावी तर गवंडी तरबेज हवा. बेकर स्वतः जागेवर उभे राहून गवंड्यांबरोबर काम करीत. १९८५ मध्ये त्यांच्या सहभागाने ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था निघाली, आणि गवंड्यांच्या हाती गेलेले ते तंत्र बेकर यांच्या २००७ मधील निधनानंतरही चालू राहिले.

तिसरे उदाहरण आपल्याच कायद्यातले आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००४ पासून ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांची राष्ट्रीय परीक्षा सुरू केली. ती सरकारी यंत्रणेमार्फत होते. उत्तीर्णांना दर पाच वर्षांत उजळणीचा वर्ग करावा लागतो. म्हणजे कायद्याच्या पायावर उभी, संसदेला उत्तरदायी अशी सनद या देशात अशक्य नाही. तिच्या परीक्षेत दोष असतील. ते सभागृहात विचारता येतात. याच कायद्याच्या आधारे इमारतींची ऊर्जा संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली, आणि २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही तिच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी झाली. जाणकार माणसांची गरज यापुढे झपाट्याने वाढणार आहे. ती माणसे कोणत्या घरांतून येणार, हे ठरवण्याची वेळ आत्ताची आहे.

मागण्या

तेव्हा मागायचे काय, ते नेमके ठरवले पाहिजे.

एक, ज्या इमारतीने हरित श्रेणीवर जादा चटईक्षेत्र घेतले, तिने पुढची किमान पाच वर्षे आपला वीज व पाण्याचा वापर दर चौरस मीटरमागे जाहीर करावा. महापालिकेने तो आपल्या दप्तरात सर्वांस पाहता येईल असा ठेवावा. कबूल केलेली बचत न दिसल्यास सवलतीची वसुली व्हावी.

दोन, हरित बांधकामाचा अभ्यासक्रम आणि परीक्षा तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मराठीत सुरू व्हावी, आणि खाजगी सनदेबरोबर तिलाही सवलतीच्या कामी मान्यता मिळावी.

तीन, गवंडी, सेंट्रिंगवाले, नळकारागीर, वीजतंत्री यांच्यासाठी प्रात्यक्षिकावर आधारलेले कौशल्यपत्र हवे. आधी कमावलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची योजना केंद्राच्या कौशल्य कार्यक्रमात २०१५ पासून आहे. तिच्यात उष्णतारोधन, फटबंदी, पाण्याची काटकसर हे विषय आणावेत. परीक्षा जागेवर भिंत बांधून व्हावी, पर्याय निवडून नव्हे. आणि ते पत्र हाती येताच मजुरीचा दर वाढला पाहिजे. एरवी कामगाराला आणखी एक कागद बाळगायला दिल्यासारखे होईल.

चार, या प्रशिक्षणाचा आणि बुडणाऱ्या रोजाचा खर्च बांधकाम खर्चावरील उपकरातून व्हावा. १९९६ च्या कायद्याने हा उपकर कामगारांच्या कल्याणासाठीच आणला होता. शिकायला बसलेल्या मजुराचा रोज बुडत असेल, तर शिकवणे फुकट असून उपयोग नाही.

पाच, सनदी व्यावसायिकाच्या पुढील शिक्षणाच्या तासांत काही तास प्रत्यक्ष जागेवर कामगारांना शिकवण्याचे असावेत. तीस तास खुर्चीत बसून ऐकण्याऐवजी त्यातले दहा तास जरी त्याने गच्चीवर मिस्त्रीशेजारी उभे राहून घालवले, तरी दोघांचेही शिक्षण होईल.

यांतली एकही मागणी पर्यावरणाच्या विरोधात नाही, आणि तरुण अभियंत्यांच्याही विरोधात नाही. उलट, ज्या तरुणाने कष्टाने ही सनद मिळवली आहे, त्याला आपल्या बाजूला घेतले पाहिजे. आराखड्यातली फळी जागेवर का बसत नाही, ठेकेदार कोठे थर वाचवतो, हे त्याला दिसत असते. बोलण्याची सोय मात्र त्याला नसते, कारण त्याची नोकरी आणि त्याचे शुल्क त्याच ठेकेदाराच्या कृपेवर असते. संघटनेचे पाठबळ त्यालाही हवे आहे.

उद्या सकाळी आपल्यातले बरेच जण मजूर नाक्यावर असतील. तेथे उभ्या असलेल्यांपैकी काही जण ‘हरित’ म्हणून जाहिरात झालेल्या इमारतीवर कामाला जातात. त्यांना तीन प्रश्न विचारावेत. गच्चीचा थर घालण्यापूर्वी तो कसा घालायचा हे कोणी दाखवले काय? उपकरातून चालणाऱ्या कल्याण मंडळाकडे नोंदणी झाली आहे काय? उन्हाच्या वेळी सावली आणि पाणी मिळते काय? मिळालेली उत्तरे जागेच्या नावासह लिहून ठेवावीत. पुढच्या बैठकीत ती एकत्र करू, आणि तीच घेऊन महापालिकेच्या नगररचना कार्यालयात जाऊ. जादा चटईक्षेत्राची फाईल जेथे मंजूर होते, त्याच टेबलावर हा कागदही ठेवला गेला पाहिजे.